झाडाखालची नावं

आमच्या कॉलनीत राग येण्याची कारणं सगळ्यांची सारखी होती. नळाला पाणी नसणं, वापीच्या रस्त्यावरचे खड्डे आणि कंपनीची चुकलेली बस. शेजारच्या काकांना मात्र राग यायचा तो हत्तीच्या कानांचा.

"हे कान बघा बाई. नीट बघा. हा हत्ती आफ्रिकेतला आहे. दिल्लीच्या लढाईत आफ्रिकेचा हत्ती! लंडनमध्ये खुर्चीत बसून काढलाय मेल्याने. आणि ही मागे नारळाची झाडं. दिल्लीत नारळ!"

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेल्या त्या चित्रकाराला ते असं झापायचे, की मीच ओशाळी व्हायचे. समोर दुसरं कोणी नसायचंच, त्यामुळे त्या हत्तीची जबाबदारी थोडी माझ्यावरही आहे असं वाटायचं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला माझ्या नवऱ्याला मसाटच्या एका सुताच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही सिल्वासाला, टोकरखाड्याच्या कॉलनीत राहायला आलो. काका त्याच कारखान्यात मेंटेनन्स मॅनेजर होते. मूळचे नाशिकचे, पन्नाशी ओलांडलेले, उंच, काटकुळे, भुवया कायम वर चढलेल्या. मी तिथल्या मराठी शाळेत इतिहास शिकवते हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ते आमच्या दारात उभे. नमस्कार नाही, चहा नाही. "तुमचं पाठ्यपुस्तक दाखवा," म्हणाले. सत्तावनचा धडा काढला, त्यातलं चित्र पाहिलं आणि पुस्तक मला परत दिलं. "हे चित्र मूळ कोणी काढलं, माहीत आहे? नाही ना? मग पोरांना काय शिकवता?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांच्यामागून काकू धावत आल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "मनावर घेऊ नको गं. त्यांना माणसं आवडली की ते असेच भांडतात."

काका अठराशे सत्तावनच्या स्वातंत्र्ययुद्धावरची सचित्र पुस्तकं गोळा करायचे. नुसती पुस्तकं नाहीत, सचित्रच. बहुतेक सगळी इंग्रजी, युद्ध संपल्यावर लंडनला छापलेली, जाडजूड, कातडी बांधणीची, आत बारीक रेघांची कोरीव चित्रं. बाकीची कॉलनी त्यांना पाठीमागे 'सत्तावनवाले' म्हणायची. समोर कोणी चुकून 'शिपायांचं बंड' म्हणालं तर त्या माणसाची त्या दिवसाची बस हमखास चुकायची, कारण काका त्याला जागेवरून हलू द्यायचे नाहीत.

घरात एकच लोखंडी कपाट होतं. ते पुस्तकांचं. काकू म्हणायच्या, "माझी पैठणी पत्र्याच्या ट्रंकेत कुबट वास मारत्ये आणि साहेबाच्या मडमा कपाटात झोपल्यात." तरी पावसाळ्याआधी कडुलिंबाचा पाला वाळवून त्या पुस्तकांमागे घालायच्या त्या काकूच. आमच्याकडे हवा अशी दमट, की चपला एका रात्रीत पांढऱ्या पडायच्या. काका कारखान्यातून ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या आणायचे आणि कपाटाच्या कप्प्याकप्प्यात मांडायचे.

पुस्तक बघायचं तर त्याला विधी होता. हात धुवायचे, पुसायचे, सतरंजीवर बसायचं, चहा लांब ठेवायचा. पान उलटायचं ते वरच्या कोपऱ्याने. झेरॉक्स मागितलं तर संपलंच. "पुस्तक पालथं घालून वरून दाबतात. तुमची पाठ अशी दाबली तर चालेल?" एवढं सगळं करून पुस्तक उघडलं की शिव्या सुरू. मला कळेना. एकदा धीर करून विचारलं, "काका, इतकी खोटी चित्रं आहेत तर जपता कशाला?"

"खोटं आहे म्हणूनच जपायचं," ते म्हणाले. "खरं कुठूनही पुन्हा उगवतं. खोटं सांभाळून ठेवलं नाही तर उद्या हेच म्हणतील, आम्ही असं कधी दाखवलंच नव्हतं." मग त्यांनी एक पान पुढे केलं. "ही मडम बघा. टोपीची रिबीनसुद्धा नीट काढल्ये. शेजारची दुसरी मडम, तिचं नाक वेगळं, हनुवटी वेगळी. आता आपले शिपाई बघा. सगळ्यांना एकच तोंड. वटारलेले डोळे आणि दात. एक साचा घेतलाय आणि ठोकत सुटलेत."

त्या दिवशी मला त्यांचा राग पहिल्यांदा पटला. वर्गात मी कित्येक वर्षं ती चित्रं दाखवत होते आणि तोंडं सारखी आहेत हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

शनिवारी सगळा दक्षिण गुजरात आमच्याकडे प्यायला यायचा, कारण त्यांच्याकडे दारूबंदी, आमच्या केंद्रशासित भागात नाही. आणि काका उलटे, शनिवारची सुट्टी टाकून सुरत-नवसारीच्या रद्दीवाल्यांकडे जायचे. तिकडे जुन्या पारशी घरांतली पुस्तकं वजनावर निघत. हद्दीवर गुजरातचे पोलीस बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तपासायचे. एकदा काका एक पुस्तक अदलाबदलीसाठी नेत होते, टॉवेलात गुंडाळून. चेहऱ्यावर नेहमीप्रमाणे कोणावर तरी चिडलेले. पोलिसाला वाटलं, सापडला. "आमां शुं छे?" म्हणून टॉवेल सोडला, तर पुस्तक. त्याचा विश्वास बसेना. आत पोकळी कापून बाटली बसवली असेल म्हणून त्याने बोटाला थुंकी लावली आणि पान उलटलं.

पुढचं मला बसमधल्या एका बाईंनी सांगितलं. काकांनी त्या पोलिसाचा हात धरला होता म्हणे. "दारू असती तर आत टाक मला, पण थुंकी लावू नकोस!" सगळी बस खोळंबली. शेवटी त्या पोलिसाला हौदावर हात धुवायला लावून मगच ह्यांनी पुस्तक तपासू दिलं.

हसण्यासारखं होतं, आम्ही हसलोही. पण एका प्रसंगी मला हसता आलं नाही. कारखान्याच्या एका मोठ्या साहेबांचा निरोपसमारंभ एका नव्या हॉटेलात होता. बायकांनाही बोलावलं होतं. बारच्या भिंतीवर सोनेरी चौकटींत सत्तावनच्या लढायांची जुनी चित्रं ओळीने लावलेली. काका आत आले आणि दारातच थबकले. प्रत्येक चौकटीजवळ जाऊन, चष्मा वर करून बघून आले. मग वेटरला बोलावून मॅनेजरला बोलवायला सांगितलं.

मॅनेजर खूश होऊन आला. "साहेब, एकदम ओरिजिनल छे. लंडननी!"

"माहीत आहे," काका म्हणाले. "कुठल्या पुस्तकातली तेही माहीत आहे. एक अख्खं पुस्तक मारून तू भिंतीवर टांगलंयस."

मग ते टेबलाटेबलापाशी गेले. सुरतेहून प्यायला आलेली ती परकी माणसं, हातात ग्लास, आणि हे त्यांना सांगतायत की ही चित्रं पात्याने कापलीत, रद्दीवाले चित्रं वेगळी विकतात, उरलेलं पुस्तक लगद्याला जातं. आमचे साहेब लोक माना खाली घालून शेंगदाणे खात होते. ज्यांचा निरोप होता ते साहेब हळूच म्हणाले, "ह्यांना आधी कोणीतरी जेवायला वाढा." मला त्या सगळ्यांचा संताप आला. खरं बोलणाऱ्या माणसाला भूक लागली असेल, एवढंच ह्यांना सुचतं!

आता त्या पुस्तकाबद्दल सांगते.

ते त्यांना नवसारीच्या एका रद्दीच्या गठ्ठ्यात सापडलं होतं. आडवं, वहीएवढं, शिळाप्रेसवर छापलेलं, हाताने रंगवलेलं, मराठी. छापखान्याचं नाव नाही, चित्रकाराचं नाव नाही, साल नाही. "नाव घातलं असतं तर बेड्या पडल्या असत्या," काका म्हणायचे. एकही पान गेलं नव्हतं. तसलं दुसरं पुस्तक आहे असं त्यांना कधी कुठे ऐकायला मिळालं नाही. चित्रांत सेनापती नव्हते, घोडेही फारसे नव्हते. नाल ठोकणारा लोहार होता. शिपायांना पाणी पाजणाऱ्या बायका होत्या. आणि शेवटच्या पानावर एक मोठं वडाचं झाड आणि त्याला फाशी दिलेली माणसं.

काका ते पान उघडायचे आणि शेजारी इंग्रजी पुस्तकातलं तसलंच चित्र ठेवायचे. इंग्रजी चित्रात पुढे घोड्यावरचे गोरे अधिकारी ठळक होते, आणि मागे झाडाला नुसत्या काळ्या रेघा लोंबत होत्या. मराठी पुस्तकात प्रत्येकाला चेहरा होता. एकाच्या तोंडावर देवीचे व्रण, एकाच्या कानात बाळी, एक म्हातारा, एक जेमतेम मिसरूड फुटलेला. आणि चित्राखाली, हाताने लिहून छापलेल्या तिरक्या ओळीत, त्यांची नावं. सखाराम तेली. बाळा लोहार. अशी. त्या पानापाशी काका कोणालाच शिव्या द्यायचे नाहीत. डावीकडून एकेका चेहऱ्यावर बोट न टेकवता बोट फिरवायचे आणि नाव वाचायचे, चेहरा आणि नाव, चेहरा आणि नाव.

"जगात ह्यांचं नाव आता एवढ्याच कागदावर आहे," म्हणायचे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या मराठी मंडळाने गणपतीत सत्तावनचा देखावा करायचं ठरवलं. मंडळाचे सचिव राखोलीला प्लॅस्टिक फिल्मच्या कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर होते. जळगावकडचे, उत्साही, कामाला वाघ. वर्गणीपासून मांडवापर्यंत सगळं एकट्याने ओढायचे. माणूस वाईट नव्हता. तेच तर दुखणं आहे. वाईट माणसाला निदान चार शिव्या घालून मोकळं होता येतं.

ते पुस्तकं मागायला आले तेव्हा काकांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. दोनदा, तीनदा. सचिव म्हणाले, "राहू द्या काका. मग आपन असं करू, त्या हॉटेलवाल्याची चित्रं आनू. तो देतो म्हन्ला. वापीचा पेंटर मोठी करून देईल."

काका उठून उभे राहिले. "गणपतीच्या मागे इंग्रजांची चित्रं लावणार? मराठी मंडळ?"

"मग काय लावू? तुम्हीच सांगा."

काकू आतून मान हलवत होत्या, नको नको. पण काकांचा राग आता त्यांच्या हातात राहिला नव्हता. त्यांनी कपाट उघडलं. "लावायचंच तर आपल्या माणसाने काढलेलं लावा."

अटी ठरल्या. पुस्तक टेबलावर उघडं राहील, पेंटर त्यावरून पडद्यावर चित्रं काढेल, काका शेजारी खुर्ची टाकून बसतील. पहिले दोन दिवस तसं झालंही. पेंटर कंटाळला, कारण हे त्याला चहा पिऊ देत नव्हते. तिसऱ्या दिवशी कारखान्यात बॉयलर बंद पडला. माणसावर माणूस काकांना न्यायला आला. पुस्तक सचिवांच्या स्वाधीन करून, फडक्यात कसं गुंडाळायचं ते दाखवून, ते मसाटला गेले. बॉयलर सुरू होईपर्यंत गणेशचतुर्थी उजाडली.

दरम्यान पेंटरने काम अर्धं टाकून पळ काढला होता.

संध्याकाळी उद्घाटनाला पुढच्या रांगेत काका-काकू, त्यांच्या मागे आम्ही. पडदा बाजूला झाला. मूर्तीच्या मागे नायलॉनच्या दोऱ्यांवर चित्रं टांगलेली होती. पडद्यावर रंगवलेली नव्हती. खरी. एकेक पान सुटं, जाड प्लॅस्टिकमध्ये बंद, ट्यूबलाइटच्या उजेडात चकचकत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काका खुर्चीतून उठले आणि चित्रांपाशी गेले. मीही मागोमाग गेले. उष्णतेने रंग फुटले होते. लोहाराच्या भट्टीचा लाल रंग त्याच्या चेहऱ्यावर पसरला होता.

सचिव धावत आले. चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. "सरप्राइज, काका! पेंटर पळाला, मग मी म्हन्लं आपल्याच मशीनवर मारू. एक्स्पोर्टची फिल्म वापरली. शिलाई उसवून एकेक पान अल्लद काढलं. हे बघा." त्यांनी खरोखरच टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि त्या वडाच्या झाडावर ओतला. पाणी खाली ओघळून गेलं. "वॉटरप्रूफ! आता शंभर वर्षं काही होनार नाही!"

मला वाटलं, आता मांडव डोक्यावर घेतील. हत्तीच्या कानावरून आयुष्यभर भांडलेला माणूस. पण ते त्या ओल्या चित्राच्या खालच्या कडेकडे बघत होते. तिथे कड सरळ कापलेली होती.

"नावं कुठे आहेत?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"कोन्ती नावं?"

"खाली होती."

"ती ओळ होय? ती तिरपी होती काका. आन् साइजमधी बसंना. कट मारला. चित्र पूर्ण आलंय बघा, चित्राला हात नाही लावला."

"कापलेलं कुठे आहे?"

"स्क्रॅप तर रोजच्या रोज जातं," सचिव म्हणाले, आणि पहिल्यांदाच थोडे गोंधळले.

तेवढ्यात माइकवरून काकांचं नाव पुकारलं गेलं. सत्कार होता. ज्यांनी पुस्तक दिलं त्यांचा सत्कार! हात धरून त्यांना स्टेजवर नेलं, शाल घातली, नारळ हातात दिला. वापीहून आलेले प्रमुख पाहुणे फोटोसाठी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मग कोणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला.

काकांनी नारळ काकूंकडे दिला आणि माइक धरला. डोळे मिटले.

"सखाराम तेली," म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मंडळात माइकवरून नावं यायची ती देणगीदारांचीच. लोकांना वाटलं, काका आभार मानतायत.

"बाळा लोहार." टाळ्या. "तुळाजी गवंडी." टाळ्या. त्यांचा उजवा हात वर होता आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. चेहरा आणि नाव, चेहरा आणि नाव. "धोंडू सुतार." माझ्या मागे एक गृहस्थ शेजाऱ्याला विचारत होते, "हे धोंडू कोण हो? दादरा साइडला प्लायवूडवाले का?" मला ओरडावंसं वाटलं. मी वळून म्हटलंही, "गप्प बसा, ती मेलेली माणसं आहेत," पण टाळ्यांत कोणाला ऐकू जाणार?

"गणू परीट."

सचिवांनी वाकून माइक आपल्याकडे घेतला. प्रेमानेच घेतला. "काका, वेळेअभावी आपन इथंच थांबू. पाहुन्यांना गाडी पकडायची आहे. सगळ्या नावांचे मंडळातर्फे आभार!" आणि आरती सुरू झाली. झांजा एवढ्या जोरात वाजल्या, की काकांचे ओठ हलतायत की थांबलेत ते कळेना. अंगठा एका पेरावर तसाच टेकलेला होता.

ह्या गोष्टीला इतकी वर्षं झाली तरी माझी तिडीक गेलेली नाही. दुसऱ्या दिवशी मी सचिवांना गाठलं आणि जे बोलायचं ते सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, कपाटात बंद होतं. आता निदान लोक बघतात तरी." आणि वर, "चित्रं तर आहेत ना?" खरंच आहेत. मंडळाच्या हॉलमध्ये पुढे कित्येक वर्षं लटकत होती. खाली पट्टी होती, 'लॅमिनेशन सौजन्य' म्हणून राखोलीच्या कंपनीचं नाव. त्या चित्रांखाली नाव हवं होतं, ते मिळालं!

त्या दिवसानंतर काका कोणावरही चिडले नाहीत. कॉलनीने नि:श्वास टाकला, म्हातारा निवळला म्हणाले. मूर्ख लेकाचे.

मी एकदा त्यांना विचारलं, "नावं कुठे लिहून नव्हती ठेवली?"

"पुस्तकात होती की," ते म्हणाले.

संध्याकाळी ते गॅलरीत बसायचे. आमच्या गॅलरीला लागूनच त्यांची, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. सखाराम तेली. बाळा लोहार. तुळाजी गवंडी. धोंडू सुतार. गणू परीट. आणि मग शांतता. पुढचा तो मिसरूड फुटलेला पोरगा होता, त्यापुढे बाळीवाला, त्यापुढे म्हातारा. चेहरे मलाही दिसायचे. नावं काही केल्या येत नव्हती. त्या दिवशी माइक हातातून गेला तेव्हाच तुटली ती.

काकूंना बघवायचं नाही. आतून म्हणायच्या, "अहो, विठू असेल. नाहीतर रामा. त्या काळी दुसरी काय नावं असणार? घाला एखादं आणि पुढे व्हा."

"नाही," काका म्हणायचे. "फासावर गेलेल्या माणसाला दुसऱ्याचं नाव द्यायचं नाही." आणि पुन्हा सखाराम तेल्यापासून सुरू करायचे.